टेमेक्युलाचं पोस्ट

दक्षिण कॅलिफोर्नियातलं टेमेक्युला. रँचो कॅलिफोर्निया रोडवरचं हे पोस्ट. लोक पार्सल घेऊन येतात, तिकिटं घेतात, निघून जातात. पाकिटावरच्या पत्त्यात वेगळं काही लिहावं लागत नाही. पण २००५ सालापासून या इमारतीचं कायदेशीर नाव आहे, 'दलीपसिंग सौंद पोस्ट ऑफिस बिल्डिंग'.

अमेरिकेत पोस्टाच्या इमारतीला असं नाव द्यायचं तर संसदेत विधेयक मांडतात. दोन्ही सभागृहांची मंजुरी, मग राष्ट्राध्यक्षांची सही. एका इमारतीसाठी एक अख्खा कायदा! संसदेचा वेळ असल्या कामात जातो, अशी टीका तिथे कायम होते. सौंद यांच्या बाबतीत मला ती मुळीच पटत नाही. कारण या माणसाचं निम्मं आयुष्य एका कागदापायी अडलं होतं.

जन्म १८९९चा, पंजाबातल्या छज्जलवड्डी गावचा. १९२० साली शिकायला अमेरिकेत आले. १९२४ साली बर्कलीच्या विद्यापीठातून गणितात पीएच.डी. झाले. पण आदल्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद खटल्यात सांगून टाकलं होतं की, हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या लेखी 'गोरा' नाही. त्याला नागरिकत्व मिळणार नाही.

गणितातला हा डॉक्टर मग इम्पीरियल व्हॅलीच्या रणरणत्या उन्हात कापूस वेचणाऱ्या टोळीवर मुकादम झाला. पुढे स्वतः शेती केली. लेट्यूस लावला, बीट लावलं. राबायचं आपण, पण जमीन आपल्या नावावर करायची सोय नाही. ज्याला नागरिकत्व मिळू शकत नाही, त्याला जमीन घेता येणार नाही, असा कॅलिफोर्नियाचा कायदा आडवा यायचा. सातबाऱ्यावर नाव नसणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

सौंद आणि त्यांच्या सोबत्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला. १९४६ साली नागरिकत्वाचा कायदा बदलला. १९४९च्या डिसेंबरात सौंद नागरिक झाले आणि पुढच्याच वर्षी वेस्टमोरलँड गावाने त्यांना न्यायाधीश म्हणून निवडून दिलं. तेव्हाही कागदच आडवा आला. नागरिक होऊन वर्ष पुरं झालेलं नाही, म्हणून पद नाकारलं गेलं. १९५२ साली त्याच गावाने त्यांना पुन्हा निवडून दिलं!

प्रचारात एकाने खोचकपणे विचारलं होतं, "तुमच्या कोर्टात यायचं तर फेटे तुम्ही पुरवणार, की आम्ही विकत आणायचे?" सौंद म्हणाले, माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, डोक्याच्या आत काय आहे तेवढं मी बघतो.

१९५६ साली नामांकित वैमानिक जॅकलिन कॉक्रन यांना हरवून ते अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात गेले. सभागृहात मत देण्याचा अधिकार घेऊन तिथे बसलेला हा पहिला आशियाई वंशाचा माणूस. तीनदा निवडून आले. १९६२ साली पक्षाघात झाला आणि राजकारण थांबलं. १९७३ साली ते गेले.

टेमेक्युला त्यांच्याच मतदारसंघातल्या रिव्हरसाइड काउंटीतलं, म्हणजे जिल्ह्यातलं. नामकरणाच्या कायद्यात दुसरं पोटकलम आहे. मी ते दोनदा वाचलं. अमेरिकेच्या कुठल्याही कायद्यात, नकाशात, नियमात, दस्तऐवजात, कागदात या इमारतीचा उल्लेख आला, तर तो 'दलीपसिंग सौंद' या नावाचाच उल्लेख मानावा.