हेड केवढं घ्यायचं?

नमस्कार मंडळी. मगाशी चहाच्या वेळी एका मुलानं मला गाठून विचारलं, "काका, माझ्या १३०० सीसीच्या इंजिनावर सगळ्यात मोठं हेड कुठलं बसेल?" मी म्हटलं, बसवायचंच म्हटलं तर काहीही बसवता येतं, तू चालेल का ते विचार. तो हसला, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. म्हणून आजचा सगळा वेळ त्याच्याच प्रश्नाला.

हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. त्यातच व्हॉल्व्ह असतात आणि हवा आत-बाहेर जायच्या वाटा, म्हणजे पोर्ट. मग हेड मोठं म्हणजे नेमकं काय मोठं? अमेरिकेत व्ही-८ वाले, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनांवाले, इनटेक पोर्टचं (हवा आत येते त्या वाटेचं) आकारमान सीसीत सांगतात. शेव्हरोलेच्या ५.७ लिटरच्या इंजिनाला रस्त्यावर चालवायला १८० ते १९५ सीसीचं पोर्ट पुरतं, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, वाढवून ६.३ लिटर केलं की २१० च्या आसपास जातात. पण हा आकडा थोडा फसवा आहे. पोर्ट लांब असेल तर सीसी वाढतात, भोक तेवढंच राहतं. खरं मोजायचं असतं ते पोर्टचं सगळ्यात अरुंद जागेचं क्षेत्रफळ.

ते का, हे इंदूरकरांना सांगायला सोपं आहे. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आपण लहानपणापासून बघतो. राजवाड्यापाशी टँकरवरचे पंप वरच्या मजल्यांवरच्या गच्च्यांपर्यंत रंग उडवतात. आता पंप तोच ठेवून नळीचं तोंड दुप्पट रुंद करा. धार गच्चीवर जायची नाही, पुढे नाचणाऱ्याच्या पायावर पडेल. तोंड फार बारीक केलंत तर धार उंच जाईल, पण रंग चूळभर. इंजिनात पंप म्हणजे पिस्टन, आणि नळीचं तोंड म्हणजे पोर्ट.

हवेचा वेग कशाला हवा? पिस्टन तळाला पोचून वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह लगेच मिटत नाही. क्रँक, म्हणजे पिस्टनला फिरवणारा दांडा, साधारण ४० ते ६० अंश फिरेपर्यंत तो उघडा असतो. त्या वेळात हवा आत येते ती स्वतःच्या जोरावर. जोर असला तर सिलिंडर ठासून भरतो, नसला तर वर येणारा पिस्टन तिला आल्या वाटेनं परत ढकलतो. कार्बोरेटरच्या गाडीत आणखी एक दुखणं: हवा मंद झाली की पेट्रोल भिंतीला चिकटतं. मग पाय दाबला की गाडी आधी गचके देते आणि नंतर पळते.

आता त्या मुलाच्या इंजिनाचा हिशेब. बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५. आपल्याकडे मारुती एस्टीममध्ये हेच इंजिन होतं. ७००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ७००० फेऱ्यांना, पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.६ मीटर होतो. पोर्ट ८ चौरस सेंटिमीटरचं धरलं, तर त्यातली हवा सरासरी ९५ मीटरनं धावते. स्ट्रोकच्या मधल्या भागात पिस्टन सगळ्यात जोरात असतो, तेव्हा हा आकडा साधारण १.६ पट होतो, म्हणजे १५२. हवेचा हा वेग आवाजाच्या वेगाच्या निम्म्याच्या थोडा पुढे, म्हणजे १८० ते १९० मीटरपर्यंत गेला की पोर्ट गुदमरायला लागतं. म्हणजे ८ चं पोर्ट ७००० ला गुदमरलेलं नाही. आता तेच घासून साडेनऊ केलं तर? वरच्या आरपीएमला हाती फार थोडं लागेल, आणि खाली २५०० ला हवेचा वेग ३४ वरून २८ वर येईल. सहावा हिस्सा गेला, आणि तोही जिथे गाडी सगळ्यात जास्त चालते तिथे.

या खड्ड्यात मोठेमोठे पडलेत. फोर्डनं १९६९ साली शर्यतीसाठी बॉस ३०२ ही गाडी काढली. पाच लिटरच्या इंजिनाला ५६.६ मिमीचा इनटेक व्हॉल्व्ह. वरच्या आरपीएमला इंजिन भन्नाट, खाली सुस्त. पुढच्याच वर्षी त्यांनी तो व्हॉल्व्ह एक मिलिमीटरनं लहान केला.

मग हवा जास्त हवी असेल तर काय करायचं? एक मोठं दार करण्यापेक्षा दोन लहान दारं करावीत. २८ मिमीचे दोन व्हॉल्व्ह क्षेत्रफळात ३९.६ च्या एका व्हॉल्व्हएवढेच, पण त्यांचा घेर ४१ टक्के जास्त भरतो. व्हॉल्व्ह थोडासाच उचललेला असतो तेव्हा हवा या घेरातूनच शिरते. आपल्या यशवंतराव होळकर महाराजांनी १९३० च्या दशकात जी ड्युसेनबर्ग घेतली, तिला आठ सिलिंडर आणि बत्तीस व्हॉल्व्ह होते. हवा जोरानं आत कोंबणारा सुपरचार्जर होता तो वेगळाच. लोक तिच्या बॉडीबद्दल बोलतात, मला मात्र तिचं हेड उघडून बघायची फार इच्छा आहे. असो.

फ्लो बेंच, म्हणजे हेडमधून किती हवा जाते ते मोजणारं यंत्र, त्याचा कागद वाचतानाही जपा. विकणारा १२ मिमी लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह १२ मिमी उचलल्यावरचा, आकडा ठळक छापतो. तुमचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, व्हॉल्व्ह साडेआठच उचलत असेल तर तो आकडा तुमच्या इंजिनात कधी येणारच नाही. साडेआठची ओळ बघा, सहाची त्याहून नीट बघा, कारण उघडताना आणि मिटताना मिळून व्हॉल्व्ह तिथून दोनदा जातो.

मी हे शहाणपण पुस्तकातून शिकलो नाही. उमेदीच्या काळात एका रॅलीवाल्याचं हेड मी हौसेनं आतून घासून पोर्ट मोठं केलं. बेंचवर आकडा असा वाढला की मी दोन दिवस हवेत होतो. मग गाडी महूच्या पुढे जाम गेटच्या घाटात नेली. वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये निघताना इंजिनात जीवच नाही, आणि ४५०० च्या पुढे एकदम उधळायचं, तोवर पुढचं वळण आलेलं. तो खाली उतरला आणि म्हणाला, "भिया, गाडी झोपते आहे." घासलेलं ॲल्युमिनियम परत चिकटत नाही. शेवटी पोर्टच्या तळाला इपॉक्सी भरून मी ते पुन्हा लहान केलं. बेंचवरचा आकडा पडला आणि गाडी घाट चढायला लागली. मजुरी मागायची माझी हिंमत झाली नाही.

तीच गाडी पिथमपूरच्या नॅट्रॅक्सच्या चाचणी ट्रॅकवर नेली असती तर? ११.३ किलोमीटरचा तो ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तिथे आरपीएम वर गेला की खाली यायचं कारणच नाही. तिथे माझं ते बिघडवलेलं हेड कदाचित वाखाणलं गेलं असतं.

आता प्रश्न घेऊ. फक्त "अमुक कंपनीचं हेड चांगलं का" असं विचारू नका. आधी बोअर, स्ट्रोक आणि कॅमची लिफ्ट सांगा, आणि गाडी रोज कुठे चालवता तेही.