जंतूवर घाव नेमका कुठे?

१९९६. गडचिरोली जिल्ह्यातली ३९ गावं. नवजात बाळ दूध ओढेनासं झालं, रडणं क्षीण झालं, अंग गार पडलं, म्हणजे जंतुसंसर्गाची शंका आली, की निरोप जायचा गावातल्याच आरोग्यदूत बाईंना. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने त्यांना शिकवून तयार केलेलं. त्यांच्याकडे दोन प्रतिजैविकं असायची: जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि को-ट्रायमोक्सॅझोलचं पातळ औषध.

दोन कशाला? ‘डॉक्टर, एकच स्ट्राँग गोळी द्या,’ असं आपण सहज म्हणतो. पण प्रतिजैविकांचा फरक नुसत्या जोराचा नसतो. घाव कुठे बसतो, हे बघावं लागतं.

को-ट्रायमोक्सॅझोल जंतूची उपासमार करतं. फॉलिक आम्ल आपल्याला पालेभाजीतून मिळतं. बहुतेक जंतूंना ते स्वतः बनवावं लागतं. या औषधातले दोन घटक त्या कामातल्या दोन वेगवेगळ्या पायऱ्या अडवतात.

जेंटामायसिन जंतूच्या आत, प्रथिनं घडतात तिथेच जाऊन बसतं. मग प्रथिनं चुकीची घडतात आणि जंतू मरतो. पोटातून ते रक्तात जवळजवळ उतरतच नाही, म्हणून सुई. मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करू शकतं, म्हणून डोस बाळाच्या वजनावर. आणि जंतूच्या आत शिरायला त्याला प्राणवायू लागतो. खोल गळवात ते लुळं पडतं.

तिसरी जात पेनिसिलिनची. आपल्या पिंपरीच्या एच.ए. (हिंदुस्थान अँटिबायोटिक्स) कारखान्यात १९५५ पासून बनू लागलेली. ही जात जंतूची भिंत नीट बांधूच देत नाही. वाढता जंतू आतल्या दाबाने फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून आपण वाचतो. पण भिंत मायकोप्लाझ्मा या जंतूलाही नसते. त्याच्या न्यूमोनियात कितीही पेनिसिलिन द्या, व्यर्थ! तिथे अॅझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं औषध हवं.

रुग्णालयात नेणं शक्यच नसलेल्या आजारी तान्ह्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये उपचार सुचवले. त्यात जेंटामायसिन आहेच, जोडीला पेनिसिलिनच्याच घराण्यातलं अमॉक्सिसिलिन. मला ही जोडी फार सुंदर वाटते: एकाने भिंत खिळखिळी करायची, की दुसऱ्याला आत शिरणं सोपं.

गडचिरोलीच्या त्या गावांत सुरुवातीला हजारामागे ६२ नवजात बाळं दगावत होती. १९९७-९८ मध्ये हा आकडा २५च्या आसपास आला. बाळाला ऊब देणं, आईचं दूध, घरोघरच्या फेऱ्या, सगळ्यांचा त्यात वाटा होता. आणि ती सुई टोचत होत्या गावातल्याच बाया.