चार वर्षं बंद राहिलेलं गरीबखान्याचं दार

नमस्कार श्रोतेहो, आज तुम्हाला आयर्लंडच्या पश्चिमेला घेऊन जायचंय, गॅलवे परगण्यातल्या ट्यूम नावाच्या छोट्या गावात. तिथे गावाच्या कडेला सरकारने दगडी इमारत बांधली होती, आठशे माणसं मावतील एवढी मोठी. ऑगस्ट १८४२ मध्ये ती तयार झाली असं जाहीर झालं, आणि पहिला माणूस तिथे राहायला गेला मे १८४६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं दार बंदच. गावात गरीब नव्हते असं अजिबात नाही, उलट आख्ख्या युरोपात एवढी गरिबी क्वचित कुठे असेल. पण ते घर उघडू नये असं आसपासच्या लोकांना वाटत होतं, आणि का वाटत होतं ते मला आज जरा सविस्तर सांगायचंय.

त्या घराला इंग्रजीत म्हणायचे वर्कहाऊस. आपण गरीबखाना म्हणूया. आयरिश भाषेत लोक त्याला 'गरिबांचं घर' म्हणत.

आधी तिथला गरीब कसा जगायचा ते बघा. शेतमजुराकडे अर्धा-एक एकर तुकडा, तोही भाड्याने, त्यात बटाटा लावायचा आणि तोच वर्षभर खायचा. जुना बटाटा उन्हाळ्यात संपायचा आणि नवीन निघायला वेळ असायचा, त्या महिन्याला लोक 'कोबीचा जुलै' म्हणायचे, कारण घरात दुसरं काहीच नसायचं. मग नवरा बोटीने इंग्लंड नाहीतर स्कॉटलंडला कापणीच्या कामाला जायचा, घराला कडी घालून बायको पोरांना घेऊन निघायची, आणि आपल्या गावात हात पसरायला लाज वाटते म्हणून चार गावं पलीकडे जाऊन दारोदार बटाटे मागायची. आणि लोक द्यायचे हो. ज्याच्याकडे जेमतेम होतं तोही चार बटाटे काढून द्यायचा. हे काही चांगलं जगणं नव्हतं, पण ती एक व्यवस्था होती, आणि तिला माणसाचा चेहरा होता.

आता सरकारची बाजू. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश राज्यात होतं, आणि १८३३ मध्ये लंडनने एक कमिशन नेमलं, अध्यक्ष होते डब्लिनचे आर्चबिशप रिचर्ड व्हेटली. या कमिशनचं मला खरंच कौतुक वाटतं, कारण त्यांची माणसं परगण्या-परगण्यात फिरली, गावात उघड बैठका घेतल्या, जमीनदार, पाद्री, छोटा शेतकरी, मजूर, विधवा, भिकारी सगळ्यांना बसवून विचारलं की बाबांनो तुम्ही जगता कसे. तीन वर्षं हे काम चाललं. शेवटी त्यांनी सांगितलं की वर्षातले तीस आठवडे इथे २३ लाख ८५ हजार माणसांना पोटाला आधार नसतो, कारण काम नसतं. इंग्लंडमधला गरीबखाना हा काम टाळणाऱ्याला कामाकडे ढकलायला काढलाय, आयर्लंडचा माणूस तर कामासाठी समुद्र ओलांडतोय, मग त्याला कशाकडे ढकलणार? म्हणून त्यांनी सुचवलं की पडीक जमीन लागवडीखाली आणा, पाण्याचा निचरा करा, ज्यांना परदेशी जायचंय त्यांना मदत करा, पण गरीबखाने नकोत.

सरकारला हे पटलं नाही, खर्चही दिसत होता. गृहमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी १८३६ मध्ये दुसरा माणूस पाठवला, जॉर्ज निकोल्स. हे गृहस्थ आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर कॅप्टन होते, नंतर इंग्लंडमध्ये गरिबांच्या कायद्याचे कमिशनर झाले. काही आठवडे आयर्लंडमध्ये फिरले आणि परत जाऊन म्हणाले, गरीबखाने चालतील. तीन वर्षं लोकांचं ऐकून लिहिलेला रिपोर्ट बाजूला पडला आणि काही आठवड्यांचा रिपोर्ट उचलला गेला, ३१ जुलै १८३८ ला कायदा झाला. डॅनियल ओकॉनेलसारखा मोठा नेता पार्लमेंटमध्ये शेवटी या बिलाच्या विरोधात गेला, पण बिल पास झालं.

देशाचे १३० भाग पाडले, प्रत्येकाला युनियन म्हणायचं, आणि प्रत्येक युनियनमध्ये एक गरीबखाना. आर्किटेक्ट जॉर्ज विल्किन्सन, तेव्हा पंचविशीतला तरुण, आणि त्याच्याकडे एवढ्या सगळ्या इमारती थोड्या वर्षांत उभ्या करायचं काम. त्यामुळे नकाशे जवळपास एकसारखे, भिंतींना आतून प्लास्टर नाही, नुसता चुना, झोपायला खाटा नाहीत, खोलीच्या दोन्ही बाजूंना उंच ओटा आणि त्यावर पेंढ्याच्या गाद्या. बांधकाम आणि खर्च याबद्दल पुढे इतक्या तक्रारी आल्या की सरकारला चौकशी लावावी लागली, आणि गरीबखाना चालवणाऱ्या स्थानिक बोर्डांचं म्हणणं होतं की आमच्याकडून बांधकामाचं कर्ज वसूल करताय तर इमारत तरी धड द्या.

पण लोकांना खरी भीती होती ती आतल्या नियमांची. आत जायचं तर आख्खं कुटुंब एकत्र गेलं पाहिजे, आणि आत गेल्यावर त्या कुटुंबाचे तुकडे. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, दोन ते पंधरा वर्षांची मुलं वेगळी, मुली वेगळ्या, फक्त दोन वर्षांच्या आतलं तान्हं आईजवळ. मधे उंच भिंती. आता तो कोबीचा जुलै आठवा, नवरा इंग्लंडला कापणीला गेलाय, बायको म्हणते मी पोरांना घेऊन महिनाभर तिथे राहते, तर नाही, कुटुंबप्रमुखाशिवाय घेणार नाही. म्हणजे जी थोडी कमाई व्हायची तीच बंद करा आणि सगळे मिळून आत या. आणि बाहेरची मदत तर कायद्यातच नव्हती, चार भिंतींच्या आत आलात तरच भाकरी.

निकोल्स यांची अडचण अशी होती की नियमाप्रमाणे आतलं जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षा वाईट हवं, पण आयरिश मजुराच्या बटाटे-ताकापेक्षा वाईट जेवण आणायचं कुठून? म्हणून मग शिस्त, कोंडून ठेवणं आणि खडी फोडण्यासारखं कंटाळवाणं काम यावर भर.

इथे मला माझ्या आजीची आठवण येते. ७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, दुपारी सुकडी मिळायची, हाताला फोड यायचे, आणि हे सांगताना ती नेहमी एक गोष्ट जोडायची की संध्याकाळी आपली पोरं घेऊन आपल्या घरी तरी येत होतो. मी आयर्लंडचे हे नियम पहिल्यांदा वाचले तेव्हा तिचं हे वाक्यच डोक्यात आलं.

आता विरोध कुणी केला, तर सगळ्यांनी, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. गरीबखाने चालवायचे ते स्थानिक कर बसवून, त्याला पुअर रेट म्हणायचे. जमीनदार म्हणाला आमचं दिवाळं निघेल. मध्यम शेतकरी म्हणाला दारात आलेल्याला मी बटाटे देतोच, ते काही थांबणार नाही, वर आता रोख पैसेही भरू? आणि हा प्रश्न अगदी रास्त होता, कारण त्याच्या घरात बटाटे होते, नाणी नव्हती. शिवाय १८३० च्या दशकात याच शेतकऱ्यांनी परक्या, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चला दशांश, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा कर, द्यायला नकार देऊन मोठा लढा दिला होता, गुरं जप्त व्हायची, मारामाऱ्या व्हायच्या, माणसंही मेली. तो दशांश १८३८ मध्ये रूप बदलून जमीनदाराच्या माथी गेला, आणि त्याच वर्षी हा नवीन कर. लोकांना वाटणारच ना की एक दारातून घालवला तर दुसरा खिडकीतून आला.

मग १८४२ पासून दोन-तीन वर्षं, टिपररी, गॅलवे, मेयो अशा भागांत वसुली करणाऱ्यांची गावात जायची हिंमत होईना. त्यांना मार बसायचा, गुरं जप्तीआधी लपवली जायची. सरकारने पोलीस पाठवले, लष्कराच्या तुकड्या पाठवल्या, पश्चिम किनाऱ्यावर युद्धनौकासुद्धा. गरिबांच्या मदतीसाठी काढलेला कर गरीब शेतकऱ्याकडून बंदुका दाखवून वसूल करायची वेळ आली.

ट्यूममध्ये तर आर्चबिशप जॉन मॅकहेल स्वतः राहायचे. सरकारी धोरणाविरुद्ध उभं राहणारा माणूस, आयरिश भाषेचा कट्टर अभिमानी, पश्चिमेचा सिंह म्हणायचे त्यांना. त्यांचा या कायद्याला ठाम विरोध. कर जमेना, बोर्ड पुढे सरकेना, आणि इमारत तशीच. वेस्टपोर्टलाही तेच झालं, १८४२ मध्ये तयार झालेली इमारत १८४५ च्या शेवटी उघडली. ट्यूमच्या लोकांची बाजू मला पटते, पण त्यात एक गोष्ट खुपते ती ही की ज्याला उपाशीपोटी त्या दारापुढे उभं राहावं लागणार होतं त्याला या भांडणात मतच नव्हतं. बोर्डाच्या निवडणुकीत मत कर भरणाऱ्याला.

विरोधाला एक यशही मिळालं, आणि मला वाटतं या सगळ्यातला सगळ्यात दुःखाचा भाग तोच आहे. १८४३ मध्ये सरकार थोडं नमलं आणि कायदा बदलला की ज्याच्या जमिनीचं मूल्यांकन चार पौंड किंवा त्याहून कमी आहे त्याचा कर तो भरणार नाही, जमीनदार भरेल. छोटा शेतकरी सुटला. गावोगाव हायसं वाटलं असेल. पण सप्टेंबर १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला, पुढच्या वर्षी पीक जवळजवळ सगळंच गेलं, गरीबखाने भरले, कर भराभर वाढला, आणि जमीनदाराच्या लक्षात आलं की आपल्या जमिनीवरचं प्रत्येक छोटं खोपटं म्हणजे आपल्यावर कर. मग खोपटंच पाडा. माणसं बाहेर काढली, छपरं उतरवली. ज्या चार पौंडाने त्याला कर माफ केला होता त्याच चार पौंडाने त्याचं घर गेलं.

वर १८४७ मध्ये अजून एक कलम आलं. विल्यम ग्रेगरी नावाचे खासदार, स्वतः गॅलवेचे जमीनदार, त्यांनी ते मांडलं, की ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा जास्त जमीन आहे त्याला मदत नाही. पाव एकर म्हणजे आपल्या हिशोबात दहा गुंठे! अकरा गुंठेवाल्याने काय करायचं, जमीन सोडून गरीबखान्यात जायचं की जमिनीवर बसून मरायचं? कितीतरी जण जमिनीवरच मेले. आणि आतही वाचण्याची खात्री नव्हती, टायफस आणि हगवणीने गरीबखान्यात माणसं पटापट मेली. १८४१ मध्ये देशाची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती, १८५१ मध्ये ६५ लाख ५२ हजार उरली.

मधे हेही सांगून टाकतो, कारण आपल्याशी याचा संबंध आहे. तेच ब्रिटिश सरकार १८७७ मध्ये दख्खनच्या दुष्काळात होतं, आणि त्याचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली, कामाची जागा घरापासून लांब आणि तिथेच छावणीत राहायचं असाही आग्रह. हेतू तोच, खरा गरजू कोण ते पारखायचं. तेव्हा आपल्याकडचे हजारो लोक ती कामं सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे लावून धरली. मेयोचा शेतकरी आणि सोलापूरचा शेतकरी यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल, पण दोघांनाही कळलं होतं की आपली परीक्षा घेतली जातेय.

ट्यूमची ती इमारत पुढेही राहिली. स्वतंत्र आयर्लंडमध्ये १९२५ पासून १९६१ पर्यंत तिथे ख्रिस्ती जोगिणी, म्हणजे नन, अविवाहित मातांचं आणि बाळांचं वसतिगृह चालवत होत्या, मुलींना तिथे लपवून बाळंतपणाला पाठवायचे आणि मग मूल आईपासून तोडायचे. त्या वर्षांत तिथे ७९६ मुलं दगावल्याची नोंद गावातल्याच कॅथरीन कॉरलेस या बाईंनी एकेक मृत्यूचा दाखला काढून २०१४ च्या सुमारास जगापुढे आणली, आणि २०१७ मध्ये सरकारी तपासात आवारातल्या जुन्या सांडपाण्याच्या टाकीशेजारी जमिनीखाली लहान मुलांचे अवशेष सापडले. इमारत १९७० च्या दशकातच पाडली, आता तिथे घरांची वसाहत आहे, मधे एक गवताचा तुकडा. जुलै २०२५ पासून त्या तुकड्यावर उत्खनन सुरू झालंय, एकेक हाड वेगळं काढून नातेवाइकांच्या डीएनएशी जुळवायचं काम.