कमरेएवढ्या पाण्यातलं सोनं

नमस्कार मंडळी! आज बोलूया मेटल डिटेक्टर घेऊन पाण्यात उतरण्याबद्दल, म्हणजे डायव्हिंग वगैरे नाही हं, गुडघ्यापासून छातीपर्यंतचं पाणी, जिथं लोक डुंबतात, बॉल खेळतात, आणि तिथंच अंगठ्या पडतात. गार पाण्यात बोटं आकसतात, वर सनस्क्रीनचा बुळबुळीतपणा, मग काय, सुळकन गेली.

आता जमिनीवरचं मशीन समुद्रात चालेलच असं नाही. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीचं साधं मशीन ओल्या वाळूवर उगाच किंचाळत बसतं. मग घ्यायचं एकतर मल्टी फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं, नाहीतर पल्स इंडक्शन, म्हणजे विजेचे छोटे झटके सोडून धातू शोधणारं. पल्सवालं मिठाला आणि काळ्या लोहयुक्त वाळूला फारशी दाद देत नाही, पण खिळा कुठला नि नाणं कुठलं तेही धड सांगत नाही. तळ्याच्या गोड्या पाण्यात ही भानगड नसते. फक्त वॉटरप्रूफ लिहिलंय ते नीट वाचा, बऱ्याच मशीनची नुसती कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची गोल चकती, वॉटरप्रूफ असते, वरचा बॉक्स नाही! आणि डोकं पाण्याखाली जाणार असेल तर ब्लूटूथ हेडफोन विसरा, पाण्यात तो सिग्नल मरतो, वायरवालेच लागतात.

खरी मेख पुढेच आहे. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे सिग्नल दाबणारं सेटिंग, लावून कचरा गाळायचा मोह प्रत्येकाला होतो, पण बारीक सोन्याची अंगठी आणि कॅनच्या झाकणाची कडी मशीनला जवळपास सारखीच वाटते, म्हणजे कडी गाळली की सोनंही गेलं. माझं मत विचाराल तर कंटाळा न करता सगळं उकरा.

जागा कशी निवडायची? अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी जास्त मागे जाते, तेव्हा उतरा. वादळानंतर तर जाच, कारण लाटांनी वरची वाळू ओढून नेलेली असते आणि जड वस्तू खालच्या कडक थरावर बसलेल्या असतात. फ्लोरिडाजवळ १७१५ साली स्पेनचा खजिन्याचा ताफा चक्रीवादळात बुडाला, त्यातली चांदीची नाणी अजूनही वादळानंतर किनाऱ्यावर सापडतात. किप वॅगनर नावाच्या माणसाने तिथं सैन्याचं जुनं डिटेक्टर फिरवूनच शोध घेतला होता.

सिग्नल मिळाला की कॉइलच्या मध्याशी पायाचा अंगठा टेकवा, कॉइल बाजूला घ्या, आणि लांब दांड्याचा भोकांचा स्टीलचा स्कूप पायाच्या पुढे घुसवा, पायावर नको! एकटे जाऊ नका, हेडफोनमुळे मागून आलेली लाट ऐकू येत नाही.

जुन्या जहाजाचं काही दिसलं तर मात्र हात लावू नका. १०० वर्षं पाण्याखाली असलेल्या अशा गोष्टींना युनेस्कोच्या २००१च्या करारात वारसा मानलंय, शिवाय प्रत्येक देशाचे कायदे वेगळे, परवानगी आधीच विचारून घ्या. अंगठीत आतून नाव किंवा तारीख कोरलेली असेल तर मालक शोधायचा प्रयत्न करा, बरेचदा सापडतो. आणि हो, घरी आल्या आल्या मशीन गोड्या पाण्याने धुवा, मीठ कनेक्टर खाऊन टाकतं.