दुसरं गहाण आपलं असेल तर

नमस्कार. समोर बहुतेक जण पतसंस्थांचे संचालक नाहीतर वसुलीवाले दिसताय, म्हणून थेट विषयालाच हात घालतो.

मागच्या वर्षी सातपूरच्या एका छोट्या पतसंस्थेचे मॅनेजर माझ्याकडे आले. हातात पेपरचं कात्रण, इतक्या वेळा घडी घातलेलं की मधली ओळ पुसून गेली होती. लिलावाची नोटीस. फ्लॅटवर पहिलं गहाण बँकेचं, दुसरं यांचं 9 लाखांचं, गहाणखत रजिस्टर केलेलं, कागद एकदम चोख. म्हणाले, साहेब, बँकेचे सगळे पैसे आम्ही भरतो, संचालक मंडळाचा ठरावसुद्धा झालाय. मी आधी तारीख बघितली. नोटीस छापून 11 दिवस झाले होते.

आता आपल्याकडे समज असा की गहाण सोडवायचा हक्क फक्त मालकाचा. तसं नाहीये. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 91 बघा, त्या मालमत्तेत ज्याचा हितसंबंध किंवा बोजा आहे तोही पहिलं गहाण सोडवू शकतो, जामीनदारसुद्धा. आणि पुढचं कलम 92 म्हणजे खरं सोनं आहे, कारण पैसे भरले की तुम्ही पहिल्या बँकेच्या जागी जाऊन बसता, तिचे हक्क तुमचे, म्हणजे तिला भरलेले पैसे पहिल्या नंबरावर आणि तुमचे मूळचे 9 लाख त्याच्या मागे. फक्त एक अट, पूर्ण रक्कम भरायची. अर्धवट भरून ती जागा मिळत नाही, इथे बरेच जण फसतात.

बँक कोर्टात गहाणाचा दावा घेऊन गेली तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 34 प्रमाणे ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना पार्टी करावं लागतं, आणि दुसऱ्या गहाणदाराला वगळून डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूम, घेतली तर त्याचा सोडवायचा हक्क त्या डिक्रीने जात नाही. पण आज कोर्टात जातंय कोण? बँका सरफेसीने जातात, कोर्टात न जाता तारण विकून वसुली करायचा 2002 चा कायदा. त्यात पैसे भरून तारण सोडवायचं कलम 13(8). आधी विक्रीच्या ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे भरता यायचे, 2016 ला दुरुस्ती झाली आणि ती वेळ लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याच्या आधीपर्यंत आली. सप्टेंबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या निकालात तेच पक्कं केलं, नोटीस निघाली की सोडवायचा हक्क संपला.

काही लोक नेटवर वाचून येतात की लिलाव झाल्यावरही मुदत मिळते. ते अमेरिकेतल्या काही राज्यांचं आहे हो, तिथे दुय्यम बोजावाल्यालाही ठरलेल्या मुदतीत मालमत्ता सोडवता येते. सरफेसीत त्या भरवशावर बसू नका. आणि निफाड-दिंडोरीकडच्या मंडळींनो, शेतजमिनीवरच्या गहाणाला सरफेसी लागत नाही, कलम 31, त्यामुळे द्राक्षबागेचा हिशोब वेगळा.

मग त्या फ्लॅटचं काय झालं? बँकेचं व्याज-खर्चासकट येणं साडेएक्केचाळीस लाख, लिलावात आले 46. राहिले साडेचार, तेवढेच संस्थेच्या वाट्याला, म्हणजे 9 पैकी बाकीचे साडेचार लाख बुडीत खाती गेले. मालकाने स्वतः आणलेलं गिऱ्हाईक 55 द्यायला तयार होतं, वेळेत बँकेला मोकळं केलं असतं तर पूर्ण पैसे सुटले असते. मला अजून वाईट वाटतं त्याचं, कारण ते 9 लाख भाजीवाल्यांच्या, रिक्षावाल्यांच्या रोजच्या पिग्मी बचतीतले होते.

आणि यांना आधी कळलंच नव्हतं. 13(2) ची 60 दिवसांची नोटीस जाते कर्जदाराला, तो तुम्हाला कशाला सांगेल! म्हणून गहाणखत झालं त्याच आठवड्यात पहिल्या बँकेला पत्र द्या, पोच घ्या, की या मालमत्तेवर आमचं दुसरं गहाण आहे. कर्जदाराच्या त्या बँकेतल्या खात्याचा उतारा दर तीन महिन्यांनी त्याच्याकडून मागा. हप्ता थकला की ठरावाची तयारी तेव्हाच, कारण ते 60 दिवस आणि त्यानंतर लिलावाची नोटीस निघेपर्यंतचे दिवस, तेवढाच वेळ तुमच्या हातात असतो.

त्या दिवशी मी मॅनेजरना तिथेच बसवून बँकेला पत्र लिहायला लावलं, की 13(7) प्रमाणे उरलेली रक्कम ज्याचा हक्क त्याला द्यायची असते, ती मालकाला देऊ नका, आमचं गहाण आहे, सोबत इंडेक्स टूची, म्हणजे रजिस्टर झालेल्या दस्ताच्या उताऱ्याची प्रत. साडेचार लाखांचा तो चेक थेट संस्थेच्या नावाने निघाला.