पाण्यात उतरण्याआधी एवढं ऐकून घ्या

उन्हाळ्यात बाहेर पडा, मुलांना पोहायला न्या, ट्रेकला जा, हे मी सगळीकडे आवर्जून सांगतो. पण आज बोलायचंय ते पाण्याबद्दल, कारण उन्हासाठी आपण टोपी घेतो, सनस्क्रीन लावतो, पाण्यातून अंगात काय शिरतं याचा विचार मात्र फार कमी लोक करतात.

स्विमिंग पूलचंच घ्या ना. क्लोरिनचा वास नाकात बसला की लोक म्हणतात वा, पूल स्वच्छ आहे. उलट आहे! तो उग्र वास क्लोरामाइन्सचा असतो, लोकांचा घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनची रिअ‍ॅक्शन होऊन ती तयार होतात, डोळे त्यानेच चुरचुरतात, आणि त्यात क्लोरिन खर्च झालं की जंतू मारायला कमी उरतं. म्हणून आधी अंग धुवायचं मगच उतरायचं, मिनिटभर शॉवरखाली उभं राहिलं तरी पुरतं.

आता क्रिप्टोस्पोरिडियम, नाव अवघड आहे पण लक्षात ठेवा. हा परजीवी जुलाबातून पाण्यात येतो, त्याला जाड कवच असतं, त्यामुळे बाकीचे बहुतेक जंतू जिथे काही मिनिटांत मरतात त्याच क्लोरिनच्या पाण्यात हा 7 दिवसांहून जास्त टिकू शकतो, आणि तसं पाणी घोटभर पोटात गेलं तरी आजारी पडायला पुरे. तेव्हा हात जोडून सांगतो, जुलाब होत असलेल्या मुलाला पूलमध्ये नेऊ नका, आणि डॉक्टरांनी क्रिप्टोचं निदान केलं असेल तर जुलाब थांबल्यावर आणखी 2 आठवडे नाही. मूल रडेल, फी भरलेली असेल, तरी नाही. आणि सॅनिटायझर याच्यावर चालत नाही, साबणाने हात धुवायचे.

कानाचं थोडक्यात. डोकं कलतं करून पाणी काढा, बाहेरून टॉवेलने पुसा, बड्स आत घालू नका, त्याने नाजूक त्वचा खरचटते आणि तिथेच इन्फेक्शन धरतं.

नदी, तळं यांचं वेगळं. तिथे क्लोरिन नाही, आणि उंदीर, गुरं यांची लघवी मिसळलेली असली तर लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कापलेल्या-खरचटलेल्या जागेतून, डोळ्या-नाकातून आत जातात. जखम असेल तर उतरूच नका. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो, तो पाणी प्यायल्याने नाही तर नाकातून मेंदूकडे जातो, फारच क्वचित होतं पण झालं तर बहुतेक वेळा जीवच जातो, म्हणून अशा पाण्यात डोकं वरच ठेवा, उडी मारायचीच असेल तर नोज क्लिप लावा आणि तळाचा गाळ ढवळू नका.

मघाशी एका ताईंनी विचारलं की पोहून आल्यावर किती दिवस लक्ष ठेवायचं. लेप्टोचा ताप 2 दिवसांनीही येतो आणि 4 आठवड्यांनीही, तोवर आपण ती ट्रिप विसरूनही गेलेलो असतो, म्हणून ताप आला की डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता कुठल्या पाण्यात उतरलो होतो आणि कधी, ते आपणहून सांगा.