टेकमध्ये मॅक्रो उलगडतो तेव्हा

टेक (TeX) या अक्षरजुळणीच्या प्रणालीत मॅक्रो, म्हणजे स्वतःची नवी आज्ञा, लिहायला बसणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या संगणकभाषेतून आलेला असतो. सी म्हणा, पायथॉन म्हणा. तिथे फंक्शनला हाक मारली की ते काम करतं आणि उत्तर देतं. टेकचा मॅक्रो उत्तर वगैरे देत नाही. तो आपल्या जागी दुसरे टोकन (टेक वाचतं ते सुटे तुकडे: एखादं अक्षर किंवा एखादी आज्ञा) ठेवतो आणि नाहीसा होतो. याला विस्तार म्हणायचं. किमती ठरवणं, रजिस्टर (संख्या साठवायचा कप्पा) वाढवणं, व्याख्या करणं ही निराळी कामं, ती नंतर होतात.

डोनाल्ड कनूथ यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी टेक लिहायला घेतलं आणि त्याचं वर्णन चक्क पचनसंस्थेसारखं केलं. तोंडात अक्षरांचे टोकन होतात, घशात मॅक्रो उलगडतात, पोटात काम होतं. पोट एकेक घास मागून घेतं, त्यामुळे साध्या मजकुरात आधीच्या आज्ञेचा परिणाम पुढच्या मॅक्रोला दिसतो. गोची होते ती पोट बंद असताना.

आधी सोपी गोष्ट. ‘नाव’ या मॅक्रोचा अर्थ ‘अ’. ‘पाटी’ची व्याख्या ‘डेफ’ या नेहमीच्या आज्ञेने केली आणि तिच्या आत ‘नाव’ लिहिलं. नंतर ‘नाव’ बदलून ‘ब’ केलं, तर ‘पाटी’ ‘ब’ छापते, कारण ‘डेफ’ आतलं काही उलगडत नाही. तीच व्याख्या ‘ईडेफ’ने केली असती तर ‘नाव’ तिथल्या तिथे उलगडलं असतं आणि ‘पाटी’ कायमची ‘अ’ राहिली असती.

आता आपल्या कामाचं उदाहरण. मराठी पुस्तकात पानाचा क्रमांक २५ असा देवनागरीत हवा, अनुक्रमणिकेतसुद्धा. परिच्छेद वाचताना तो कुठल्या पानावर पडणार हे टेकला माहीत नसतं. म्हणून अनुक्रमणिकेच्या फाइलीत मजकूर लिहिणारी ‘राइट’ ही आज्ञा आपले टोकन न उलगडता जपून ठेवते आणि पान बाहेर पडताना उलगडते. त्या क्षणी विस्तार होतो, पण पोट बंद असतं.

समजा, अंक बदलणाऱ्या मॅक्रोची पहिली ओळ अशी: पानाचा क्रमांक एका तात्पुरत्या रजिस्टरात ठेव. पुढे अट: ती किंमत नऊहून मोठी असेल तर अमुक कर. पानाच्या तळाशी हा मॅक्रो सुरेख चालतो. ‘राइट’मध्ये तो फसतो, आणि फसण्याची रीत पाहण्यासारखी आहे. रजिस्टर भरण्याची आज्ञा उलगडणारी नाही, म्हणून ती पाळली जात नाही. जशीच्या तशी फाइलीत उतरते. अट मात्र विस्ताराच्या वेळीच सुटते, आणि ती सुटते रजिस्टरातल्या जुन्या किमतीवर! धड त्रुटीचा संदेशही येत नाही, चुकीची फांदी गुपचूप निवडली जाते. हाच मॅक्रो ‘सीएसनेम’मध्ये (अक्षरं जोडून आज्ञेचं नाव बनवणारी आज्ञा) घातला तर निदान टेक ओरडतं तरी. माझ्या मते ओरडणारी चूक परवडली.

उपाय म्हणजे रजिस्टरला हातच न लावणं. ‘नंबर’ ही आज्ञा क्रमांकाचे सुटे अंक देते. आपला मॅक्रो पहिला अंक घेतो, ‘इफकेस’ या किमतीनुसार फांदी निवडणाऱ्या अटीने त्याच्या जागी देवनागरी अंक ठेवतो, उरलेल्यांसाठी स्वतःलाच पुन्हा लिहितो आणि शेवटची खूण दिसली की थांबतो. सगळं घशातच उरकतं. बेरीज-वजाबाकी लागलीच तर ई-टेक या टेकच्या वाढीव आवृत्तीचं ‘नमएक्स्प्र’ आहे, तेही विस्तारातच चालतं.

एक अडचण उरते. मॅक्रो ‘नंबर’ला उलगडू न देता त्यालाच पहिला अंक समजून उचलेल. म्हणून मॅक्रोच्या आधी ‘एक्सपांडआफ्टर’ लावायचं. ते लगेच पुढचा टोकन बाजूला धरतं, त्याच्या पलीकडचा एकदा उलगडतं आणि धरलेला परत जागेवर ठेवतं. एवढंच त्याचं काम. पाच-सात ‘एक्सपांडआफ्टर’ ओळीने दिसले की लोक दचकतात. कागदावर टोकन मांडून एकेक पायरी पुढे गेलं की ते सुटतं. कंटाळा असेल तर ‘ट्रेसिंगमॅक्रोज’ची किंमत १ करा, लॉगमध्ये प्रत्येक मॅक्रोची उलगड दिसेल.

हा बदल मात्र अगदी शेवटी, छापण्यापुरताच करा. टेकच्या लेखी देवनागरी २५ हा आकडा नाहीच, ती फक्त दोन अक्षरं आहेत. अनुक्रमणिकेच्या फाइलीतून तो क्रमांक वाचून पुढे तुलना करायला गेलात तर ‘संख्या सापडली नाही’ अशी तक्रार येते. तुलना करायची असेल तर फाइलीत साधेच (0 ते 9) अंक उतरवा आणि अनुक्रमणिका छापताना ते देवनागरी करा.